राजाची राखून ठेवलेली उडी

स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळात खानदेशचं पहिलं पाऊल जळगावात, आमच्या ओसरीवरून पडलं. ते नियमबाह्य होतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. माझी थोरली बहीण, अक्का, बुद्धिबळात गावातल्या सगळ्या पुरुषांना हरवून बसली होती. (मी रोज हरत असे, पण मला कोणी मोजत नसे.) विलायतेतल्या एका मंडळाने बायकांसाठी टपालाने स्पर्धा काढल्याचं मी वाचलं आणि तिचं नाव पाठवून दिलं. पहिल्या फेरीत हॉलंडची एक बाई वाट्याला आली. जिंकली की दुसरी फेरी, हरली की घरी. अक्का घरीच होती, पण तिला दुसरी फेरी हवी होती.

खेळी कार्डावर लिहायची, कार्ड बोटीने जायचं, उत्तर दीड महिन्याने. अक्काचं एक प्यादं निघालं तेव्हा फैजपूरच्या मळ्यात केळी लावत होते. ते मारलं गेलं तेव्हा घड बाजारात गेले होते. अडीच वर्षं मी कार्डं लिहिली. मला इंग्रजी येत असे, म्हणजे घरात इतर कोणाला येत नसे.

मंडळाने आठ पानी नियम पाठवले होते. पहिलं पान वाचून मी अक्काला सांगितलं, "प्यादं सुरुवातीला दोन घरं चालतं. बाकी आपल्यासारखंच." उरलेली सात पानं मी जपून ठेवली.

आपल्यासारखं म्हणजे काय? तर आमच्याकडे राजाला शह लागायच्या आधी एकदाच घोड्यासारखी अडीच घरं उडी मारायची मुभा. अक्काने ती उडी दोन वर्षं राखून ठेवली होती.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी पटावरून मान वर न करता ती म्हणाली, "भाऊ, लिखी ले. राजानी उडी. मंग दोन खेळीमा बाई खलास!"

मी लिहिलं. टाकलं. आणि नेमके त्याच दिवशी पारोळ्याहून आमचे काका, नाना, आले. नानांना सत्कार भरवण्याचा नाद होता. पारोळ्यात सत्कार व्हायचा राहिलेला माणूस उरला नव्हता.

"बाई खलास शे ना? मंग थांबानं कसाले?"

"नाना, ही पहिलीच फेरी आहे."

"पहिली तर पहिली! जगमाच शे ना?"

शाळेचा हॉल ठरला. 'जगज्जेत्या अक्कासाहेब' अशा पत्रिका छापून वाटल्या. उत्तर आलं सत्काराच्या आदल्या दिवशी.

"भाऊ, काय लिखेल शे?"

मी वाचलं. बाईंनी फार सभ्यपणे विचारलं होतं, की आपला राजा घोड्यासारखा कसा चालला? अशी खेळी नियमात नाही. नियमाप्रमाणे आता राजाच हलवावा लागेल, पण एकच घर.

"राजा आपला, घर आपलं! तिले काय करनं शे?" नाना कडाडले.

अक्काने राजा उचलला. जायला एकच घर मोकळं होतं. तिथे ठेवला. मग त्या बाईचा वजीर हलवून पाहिला. मात.

"तू नियम बठ्ठा वाचेल व्हतात ना?"

"पहिलं पान."

"आनि बाकीना?"

"उन्हाळा होता, अक्का."

तिने राजा पटावर आडवा केला. "मंग दुसरी फेरी?"

जपून ठेवलेली सात पानं मी आणून पटाशेजारी ठेवली.

पत्रिका वाटून झाल्यामुळे सत्कार झालाच. दीड तास भाषणं. शाल. शेवटी अक्का उठून म्हणाली, "मी हारी गई." लोकांनी विनय समजून प्रचंड टाळ्या वाजवल्या!

दुसऱ्या दिवशी अक्का आठही पानं घेऊन कन्याशाळेच्या बाईंकडे इंग्रजी शिकायला गेली. महिनाभराने पुढच्या स्पर्धेत तिने स्वतःच नाव घातलं. तेव्हापासून कार्डंही तीच लिहिते. तिकीट चिकटवण्याचं काम माझ्याकडे आहे. चिकटवून झालं की ती एकदा तपासून घेते.