अनंताचा उजवा कौल

अनंता गेल्याचा फोन आला, तेव्हा मी देवीचं निर्माल्य काढत होतो. पालीजवळच्या त्याच्या बागेत लांब काठीच्या झेल्याने आंबे उतरवताना दमला म्हणून बसला, तो बसलाच... खरं सांगतो, आधी दुःख नाही, रागच आला. हृदय तपासणाऱ्या त्या मशीनचं खरं झालं म्हणून.

आमची मैत्री शाळेपासूनची. साठीतही तो कलमावर सरसर चढायचा. छातीत कळ नाही, धाप नाही. मुंबईच्या मुलाने हट्टाने हृदयाचा कॅल्शियम स्कॅन करवला आणि आकडा सहाशेच्या वर आला. रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठलंय, त्रास नसला तरी धोका मोठा आहे, गोळ्या लगेच सुरू करा, असं डॉक्टर म्हणाले. मला त्यात काळंबेरं दिसलं. धडधाकट माणसाला आजारी ठरवायचं आणि जन्मभर गोळ्यांना बांधून ठेवायचं, दुसरं काय! अनंता तर माझ्याहून संशयी. "दुखत नाय, खुपत नाय, नि म्हनं आजारी! देवीलाच इचारूया," म्हणाला.

गुरव मीच. भिजवलेल्या पाकळ्या देवीच्या दोन्ही अंगांना लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, गोळ्या सोडल्या तर चालेल का? उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. अनंताचा चेहरा उतरला. "नीट लागली नसंल," म्हणत मी पुन्हा लावल्या. या वेळी उजवी जरा सैल लागली. मुद्दाम? तेव्हा तसं वाटलं नव्हतं. आता माझा माझ्या बोटांवर विश्वास नाही.

उजवी पडली. अनंता पोरासारखा हसला आणि त्या दिवसापासून त्याने गोळीला हात लावला नाही. घेतल्या असत्या तर वाचला असता का, कुणी सांगावं... पण तेवढी संधीही मी त्याला मिळू दिली नाही.

तेराव्यानंतर वहिनींनी कपाटातून गोळ्यांची पट्टी काढली. दोनच घेतलेल्या.

"भावजी, देवीनं उजवा कौल दिलान ना? मग असं कसं झालं?"

देवीची इच्छा, असं म्हणून सुटता आलं असतं.

"वहिनी, देवीनं डावाच दिलान. उजवा मी पाडला."

 पट्टी माझ्या हातात ठेवून त्या आत गेल्या. ती आता गाभाऱ्यात पाकळ्यांच्या तबकात असते. पाकळी उचलायला गेलो, की बोटं आधी तिला लागतात.