भरवशाची बाई

रोज सकाळी भांड्यांना हात लावण्याआधी धोंडाबाई राख चाळून घेत असे, ओंजळीत धरून, बोटांच्या फटींतून. एखादा खडा राहिला तर पितळेवर ओरखडा उठतो. तो तिला सोसत नसे.

ती कामाला होती ती भोरमधली खाणावळ महाडच्या वाटेवर होती. वर उतारूंसाठी खोल्या. मालक रघुवीर मुंबईच्या एका हॉटेलात काम शिकून आलेला. १९३६ साली त्याने मोरीजवळच्या भिंतीवर काळी पाटी टांगली. कामाला तीन बाया. जी आली तिच्या नावापुढे खडूची रेघ, नाही आली तर जागा कोरी. "माणसाच्या तोंडावर जाऊ नये, पाटीवर जावं," असं तो म्हणे. तसा तो भला होता, बायांनाही 'तुम्ही' म्हणणारा.

धोंडाबाईच्या ओळीत कोरी जागा नव्हती. नवरा कोंडिबा डोळ्यांनी अधू झाल्यापासून घर तिच्याच कामावर चाले, म्हणून ती अंगात ताप असला तरी यायची.

वैशाखात हिर्डोशीहून निरोप आला. तिची लेक बनाबाई तिथे दिलेली. दिवस भरत आलेले, सासू वारलेली, घरात दुसरी बाई नाही. आईने आधीच येऊन राहावं.

धोंडाबाई रघुवीरपुढे उभी राहिली. "मालक, चार दिस लेकीकडं जाऊन येते."

त्याचा चेहरा उतरला. "उद्या वऱ्हाड उतरतंय. तुमची ओळ बघूनच मी त्यांना हो म्हटलं."

"अंबू करंल की माज्या वाटचं."

"अंबूबाईंच्या ओळीचे निम्मे दात पडलेत! सगुणाबाईंना जत्रा लागते. त्या दोघींना मी धरलेलंच नाही. वऱ्हाड हललं की लगेच निघा." मग आवाज उतरवून म्हणाला, "बारमाही काम यंदा एकीलाच देणार आहे. तुमचं नाव मनात आहे. आता मोडता घालू नका."

मोरीवर अंबूबाई फणकारली. "रोज यायची हौस कुणाला व्हती? म्या बघ, बेभरवशाची ठरले न् सुटले. एखादा दिस तरी बुडवायचा व्हतास गं, मुडदे!" मग तिनेच पदर खोचला. "जा तू. म्या हाय हितं."

पण अंबूबाईचं 'म्या हाय' रघुवीरला पुरलं नाही. धोंडाबाई परत राखेपाशी बसली.

वऱ्हाड दोन दिवसांचं तीन दिवस राहिलं. ते हललं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ती निघाली आणि दिवस मावळताना हिर्डोशीला पोचली. जावई ओटीवर होता. त्याने तांब्याभर पाणी दिलं आणि रानाकडे निघून गेला. आत बनाबाई भिंतीकडे तोंड करून निजली होती. मूल आदल्या दिवशी झालं, रडलंच नाही. शेजारची म्हातारी पोचली तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

"आई, जेवलीस का?" एवढंच बनाबाईने विचारलं.

बारमाही काम धोंडाबाईलाच मिळालं. ती रोज जात राहिली. न जाऊन करणार काय? उतारूंना रघुवीर कौतुकाने तिची ओळ दाखवी. त्या वेळी ती मान वर करत नसे.

बेचाळीसच्या आषाढात ती तापाने आडवी झाली. उशाशी अंबूबाई होती. "बनीला बोलवायला हिर्डोशीला माणूस धाडू का गं?" तिने विचारलं.

"नगं," धोंडाबाई म्हणाली. "लावणीचं दिस हायती. तिला यायला जमायचं न्हाई."