डबलचेक काकांचा बझर

डबलचेक काका कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवत नसत. परदेशातल्या आमच्या शुगर लँड गावात मराठी मंडळींच्या, घरून एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकला कुणी "यात शेंगदाणे नाहीत" म्हटलं, तरी ते भाजी चमच्यानं उपसून बघत. त्यांना शेंगदाण्यांचं वावडं वगैरे काही नव्हतं. हे नाव मुलांनी पाडलं होतं, आणि नेमकं कुणी पाडलं याचा काकांनी बरेच दिवस तपास केला होता.

माणसांवर तर त्यांचा जास्तच संशय. चार जण बोलत उभे असले की काका मध्येच विचारत, "माझ्याबद्दल चाललंय ना?" एकदोनदा तर न जेवताच घरी निघून गेले. काकू मागून डबा घेऊन जात.

मूळचे नागपूरचे. एका तेल कंपनीत सेफ्टी व्हॉल्व्ह तपासण्यात सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर ते शूटिंग रेंजवर जायला लागले आणि काडतुसंही घरीच भरू लागले. फॅक्टरीत कुणी नीट लक्ष दिलं असेल याची खात्री काय? अर्धवट उघड्या गॅरेजमधून खटक-खटक आवाज यायचा. माझी बायको मीनल म्हणायची, "तिकडे फार जाऊ नकोस हं. काय करतात कोण जाणे." शेजारी असूनही मी लांबूनच हात हलवायचो.

म्हणून एका शनिवारी सकाळी त्यांनी हाक मारली तेव्हा मी सावध झालो. तेही सावधच होते.

"तू इलेक्ट्रॉनिक्सवाला ना? कॉलनीचे नियम करणाऱ्या त्या एचओएच्या कमिटीत तर नाहीस?"

नाही म्हटल्यावर गॅरेजचं दार थोडं वर गेलं.

आत टेबलाला प्रेस, म्हणजे काडतुसं भरायचं यंत्र, घट्ट बसवलेलं होतं. दारू पेटवणाऱ्या बारीक टोप्या, म्हणजे प्रायमर, एका उभ्या नळीत रचायच्या. नळी रिकामी झालेली कळली नाही, तर पुढची काडतुसं टोपीशिवायच निघतात. त्यासाठी काकांनी अलार्म बनवला होता. टोप्यांवर एक काडी टेकलेली. टोप्या संपत आल्या की ती खाली येऊन स्विच दाबणार आणि बझर वाजणार. विकतचा का नाही आणला? "कुणी बनवलाय कुणास ठाऊक."

"सगळं बरोबर आहे, पण वाजत नाही," काका म्हणाले. "बझर बदलला, तोही फसवा निघाला."

नळी रिकामी आहे ना, हे दोघांनीही पाहिलं. मी काडी खाली सोडली. बझर असा किंचाळला की मी कानांवर हात ठेवले. काका शांतपणे म्हणाले, "बघ. नाही वाजत."

"काका, वाजतोय की!"

त्यांचे डोळे बारीक झाले. "मला वेड्यात काढतोस?"

त्यांनी मला पाठमोरं उभं केलं. कधी स्विच दाबत, कधी न दाबताच विचारत, "आता?" वाजला की मी मोठ्यानं 'हो' म्हणायचो, नाहीतर 'नाही'. बराच वेळ हे चाललं. मग "आता?" यायचं थांबलं. वळून पाहिलं तर काका स्टुलावर बसले होते. बोट स्विचवरच होतं आणि बझर कोकलत होता.

काकू धावत आल्या. "अहो, बंद करा ते!"

काकांनी बोट काढलं नाही. ते माझ्याकडे वळले. "काय म्हणाली ती?"

मी पुढे होऊन त्यांचा हात बाजूला केला. गॅरेजमध्ये एकदम शांत झालं. काका काकूंकडे वळले. मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही सगळे... माझ्यासमोर मुद्दाम हळू बोलत नव्हतात?"

काकूंना क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या त्यांच्या कानाशी वाकल्या. "अहो, मी ओरडत होते. किती वर्षं ओरडतेय."

त्यानंतर दोन डॉक्टरांकडून खात्री करून घेऊन काकांनी कानाची यंत्रं बसवली. पुढच्याच वर्षी ते लेकीकडे दूर हर्नडन गावी राहायला गेले. प्रेस रेंजवरच्या एका मित्राला दिलं, पण आधी त्याच्याकडून समोर उभं राहून चालवून घेतलं.

परवा त्यांचा फोन आला. जुन्या सवयीनं मी मोठमोठ्यानं बोलायला लागलो.

"हळू बोल रे," काका म्हणाले. "इकडे काकू काहीतरी सांगतेय, ते ऐकू दे."