ड्रायव्हरच्या मागची सीट

बत्तीस वर्षं बस चालवून तो निवृत्त झाला, तोवर घरीदारी त्याचं नाव भोंगा पडलं होतं. इंजिनाच्या वर आवाज चढवून बोलायची सवय. जेवताना मीठ मागितलं तरी शेजारी दार उघडून बघत. निवृत्तीनंतर त्याने मोडीत निघालेली एक बस घेतली, सीटा काढून आत पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवली. नवराबायकोने मनसोक्त फिरायचं, असा बेत. पण पहिल्याच फेरीनंतर बायकोने कानाला खडा लावला.

"अहो, घरात जन्मभर ओरडून बोलले. आता प्रवासातही घसा फोडू? साध्या आवाजात बोलता आलं तर येईन. नाहीतर तुम्ही आणि तुमची बस, सुखाने नांदा."

घोडं तिथे अडलं.

भोंग्याने तळाच्या फळ्या उखडल्या आणि पत्र्यावर डांबरी शीट चिकटवली. आधी बुक्की मारली की पत्रा टण्ण वाजायचा, तो आता धप्प वाजू लागला. त्यावर लोकरीचा जाड नमदा, रबर, मग पुन्हा फळ्या. ड्रायव्हरच्या डाव्या हाताशी असलेल्या इंजिनाच्या झाकणाला आतून काचलोकर लावली. महिन्याभराने गाडी रस्त्यावर काढली.

"बघ! मुंगी चालली तरी ऐकू येईल."

"मुंगीचं राहू द्या," बायको ओरडली, "हत्ती गेला तरी कळणार नाही!"

भोंगा हिरमुसला. गॅरेजवाला मिस्त्री त्याचा जुना दोस्त. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"आवाज कमी झाला हे कुणाच्या कानाने ठरवलंस?"

"माझ्या."

"असल्याच इंजिनांनी बत्तीस वर्षं खाल्लेल्या कानाने? चोराच्याच हाती किल्ल्या दिल्यास की!"

मग गाडी मिस्त्रीने चालवली. भोंग्याची बायको आत फिरत होती आणि ती बोट दाखवेल तिथे तो खडूने खूण करत होता. गिअरच्या दांड्याचं फाटकं रबर, पेडलखालची भोकं, वायरी आत येतात ती फट. "आवाज पाण्यासारखा," मिस्त्री म्हणाला. "बोटभर जागा पुरते त्याला." आठवडाभरात सगळ्या खुणा बुजल्या.

या खेपेला चाकावर भोंगा होता. बायको डावीकडे, इंजिनापलीकडच्या सीटवर बसली आणि रोजच्या आवाजात काहीतरी म्हणाली. भोंगा समोर बघत राहिला. ती पुन्हा म्हणाली.

"वहिनी, मला इथे ऐकू आलं," मागून मिस्त्री म्हणाला.

भोंग्याने गाडी कडेला घेऊन मिस्त्रीला विचारलं, "काय म्हणाली?"

"चौकात थांबा, दूध घ्यायचंय."

त्याने आधी डावा कान झाकला, मग उजवा. दुसऱ्यांदा झाकल्यावर हात बराच वेळ तिथेच राहिला. कायम इंजिनाकडे असलेला कान केव्हाच गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पाना घेतला, डावीकडची सीट उपटली आणि आपल्या पाठीमागे, उजव्या खिडकीला लावून पक्की केली. बायको येऊन बसली. गाडी सुरू झाली. ती पुढे वाकून हळूच म्हणाली, "आता येतंय ऐकू?"

"येतंय!"

फाटकाशी उभा असलेला मिस्त्री दचकला.

"मग ओरडता कशाला?" ती म्हणाली. "चौकात थांबा. कालचं दूध राहिलंय. आणि पिशव्या आजच भरते, उद्या निघू."