वरच्या रेघेपर्यंत पाणी

माझ्या भानामामाचा बळी गेला. मागच्या वर्षी, गणपती बसल्यानंतरचा पहिला बुधवार, सकाळी आठ वाजता. घनसावंगी तालुक्यात गोदावरीवर आमच्या गावचा बंधारा आहे. त्याची दारं भोंगा न वाजवता उघडली, मामा खालच्या अंगाला नावेतून मासे धरत होता... आणि पंचनाम्यात काय लिहिलं? ‘घरगुती नाव सदोष.’ भोंगा म्हणे वाजवला होता!

ती नाव खाली उसात अडकलेली सापडली. एक तडा नाही. आम्ही दोघांनीच बनवली होती, मोबाईलवर बघून – कयाक. कडुलिंबाच्या फासळ्या, वर प्लायवूड, सांध्यांत डांबर. एकट्यापुरती. मामानं आधी स्वतः बसून, मग मागं स्वतःच्या वजनाचं वाळूचं पोतं ठेवून पाणी कुठवर चढतं ते पाहिलं आणि बाहेरून दोन रेघा मारल्या. वरच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाला, "भाच्या, हितवर पाणी आलं म्हंजे दुसरं कुणी बसलंय. उतरीव त्याला."

मी अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटणारा माणूस. भूतबित आजही मानत नाही. पण...

तेरावं झाल्यावर, नाव धड आहे हे गावाला दाखवायला मी भर दुपारी ती पाण्यात घातली. दारं बंद, पाणी निवांत. काठावर वीसेक माणसं. मी बसलो, तेवढ्यात शेजारचे किसनआबा ओरडले, "ए पुढारी! मागं पोतं टाकलंय का?"

"न्हाई आबा!"

"मंग वरच्या रेघंला पाणी कसं आलं? काय गावजेवण खाऊन आलास का?"

लोक हसले. मी वाकून पाहिलं. पाणी बराबर वरच्या रेघेला. आत हात फिरवला – कोरडी ठाक. मागं वळायची हिंमत झाली नाही, खरं सांगतो. वल्हं मांडीवर ठेवलं... तरी नाव चालली. एक हिसका डावीकडून, एक उजवीकडून, कुणी वल्हवतंय तशी. सरळ बंद दारांकडं. काठावरचं हसू थांबलं.

"उडी मार, पोरा! जल्दी!"

हातपाय हलेनात. दारापासून दहा हातांवर नाव थांबली आणि मागचं वजन उतरलं. नाव अशी उसळली की मी उलटता उलटता वाचलो. मागं पाण्यावर साधा तरंग नव्हता.

वारा नव्हता, ओढ नव्हती. कारण मला आजही सापडलेलं नाही. आबा म्हणतात मामाच होता. मी म्हणत नाही. पण दोघांचं वजन पेलून जी बुडाली नाही, ती नाव सदोष कशी?

त्या बुधवारी काठावर असलेल्यांनो, भोंगा ऐकला का नाही, सहीनिशी लिहून द्या. भीती मलाही वाटली, तरी लिहिलं. आता तुम्ही लिहा.