साडेअकराची पोटदुखी

जेवता जेवता दादा काहीतरी सांगत होता, आणि माझी डॉक्टर वहिनी त्याच्याकडे बघून म्हणाली, "तुमचा आवाज येत नाहीये. जरा प्रकाशाकडे तोंड करता का?" दादा घास हातात धरून तसाच बसला. मी ठसका लागेपर्यंत हसलो. मग वहिनीकडे पाहिलं आणि गप्प झालो, कारण ती हसत नव्हती. पाण्याचा पेला खाली ठेवून तिनं सांगून टाकलं, "मी राजीनामा लिहून ठेवलाय. पुढच्या एक तारखेला पाठवणार. डॉक्टरकी बंद." महिना तेव्हा नुकताच लागला होता.

बावीस वर्षं ही बाई हॉस्पिटलात पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरली. घरी आली की चपला काढायचंही त्राण नसायचं. त्यामुळे हॉस्पिटलनं व्हिडिओवरून पेशंट तपासायचं काढलं आणि वहिनीनं घरच्या मागच्या खोलीत बस्तान बसवलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. मी पुस्तकांची प्रुफं तपासतो, घरूनच. शेजारच्या खोलीत कुणी आलं तर चहाला सोबत, एवढाच माझा स्वार्थ. पहिले दोन महिने झकास गेले. वहिनी चहा गरम असताना प्यायला लागली. अंगावर थोडं मांस आलं. गुणगुणायचीसुद्धा, अगदी बेसूर.

पण हॉस्पिटलच्या ऑफिसातली माणसं हुशार असतात, तीच तर पंचाईत. त्यांच्या लक्षात आलं की डॉक्टरला आता जिने चढायचे नाहीत, मग मधला वेळ कशाला वाया घालवायचा? दर दहा मिनिटांना एक, दिवसाला छत्तीस पेशंट. एक चेहरा जातो न जातो तोच दुसरा हजर. हॉस्पिटलात निदान कुणाची काठी हरवायची, कुणाची फाइल सापडायची नाही, कुणी दारात उभं राहून मुलाच्या परीक्षेचं सांगायचं. त्या फटींमधूनच वहिनी श्वास घेत होती, हे आम्हाला फटी बुजल्यावर कळलं. दादा म्हणतो, याला बर्नआउट म्हणतात. मी म्हणतो, याला माणूस पिळून काढणं म्हणतात.

तिचे बरेचसे पेशंट लांबच्या एका दोन खोल्यांच्या दवाखान्यात येत. तिथे डॉक्टर नाही, एक सिस्टर आहे. पेशंटला स्क्रीनसमोर बसवायचं, बीपी घ्यायचं, घसा दाखवायचा, सगळं तीच करते. आवाज असा खणखणीत की आमच्या दोन खोल्यांमधली भिंत नावालाच. "मॅडम, तुम्ही यायच्या आधी प्रत्येक तापाचा निर्णय माझ्या एकटीच्या डोक्यावर असायचा. आता विचारायला कुणीतरी आहे," असं ती दर दोन दिवसांनी म्हणायची. म्हणजे एकीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं ते दुसरीच्या डोक्यावर गेलं. मला राग यायचा, पण सिस्टरवर रागावणार तरी कसं?

त्या जेवणानंतर दोनच दिवसांनी तो प्रकार झाला. सिस्टरनं एका आजोबांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला होता आणि त्याचा आवाज वहिनीच्या कानात येत होता. वहिनी म्हणाली, "मोठा श्वास घ्या आणि धरून ठेवा." 'सोडा' म्हणायला मात्र ती साफ विसरली. आजोबा पडले आज्ञाधारक. गाल फुगवून, लालेलाल होऊन बसून राहिले. शेवटी सिस्टर ओरडली, "सोडा हो आजोबा, सोडा!" आजोबा श्वास सोडून हसायला लागले. वहिनी कॅमेरा बंद करून रडली. मला भिंतीपलीकडून ऐकू आलं, आणि काय करावं सुचेना म्हणून मी उगाच खोकलो.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला यादीत नवा पेशंट. स्त्री, वय बावन्न, तक्रार पोटदुखी. स्क्रीन उघडली तर समोर सिस्टरच, हातात कप घेऊन.

"सिस्टर, पेशंट कुठेय?"

"मीच की. माझं पोट दुखतंय."

"कुठे दुखतंय नेमकं?"

"दुखतंय कुठलं! जा, चहा घेऊन या. ही दहा मिनिटं आपली."

त्या दिवसापासून सिस्टरचं पोट रोज साडेअकराला दुखायला लागलं. दोघी हसायच्या, कुणाच्या तरी सासूच्या चुगल्या करायच्या, कधी नुसत्याच बसायच्या. वहिनीचा चेहरा जरा निवळला. राजीनाम्याचं विचारलं की मात्र उत्तर ठरलेलं, "एक तारखेला."

महिना संपायला दोन दिवस असताना हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. एकच बाई, एकोणीस वेळा पोटदुखी, आणि औषधाची एक गोळी नाही, हे कॉम्प्युटरनं बरोबर पकडलं होतं. वहिनीला खोटं बोलता येत नाही. तिनं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "उद्यापर्यंत नोंदीत निदान लिहा. नाहीतर मला सिस्टरची चौकशी लावावी लागेल." वहिनीचं तोंड उतरलं. स्वतःची नोकरी तिला नकोच होती. पण सिस्टरची?

दुसऱ्या दिवशी साडेअकराला ती चहा न घेताच बसली. मी दाराशी जाऊन उभा राहिलो, लाज सोडून.

"सिस्टर, आज खरंच तपासते. झोप लागते?"

"लागते की. तीन-चारदा जाग येते, पण लागते."

"जेवण?"

"होतं, उभ्या उभ्या."

"शेवटची रजा कधी घेतली होती?"

तो भिंत भेदणारा आवाज एकदम नाहीसा झाला. हळूच ती म्हणाली, "सहा वर्षं झाली. आई गेली तेव्हा. चार दिवस." आणि मग, "माझ्या जागी येणार कोण, मॅडम?" बोलता बोलता तिनं पदराऐवजी टेबलावरचा कापूसच डोळ्यांना लावला. वहिनीचा हात सवयीनं तिचं मनगट धरायला पुढे गेला आणि काचेवर आपटला.

नोंदीत तिनं लिहिलं, 'अतिश्रम. पंधरा दिवस पूर्ण विश्रांती.' मग मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. "निदान लिहिलंय. सिस्टरच्या जागी मी जाऊन बसते. स्क्रीनवर दुसरं कुणी बसवा, आणि त्याला दिवसाला वीसच पेशंट द्या." त्यांनी बरेच आढेवेढे घेतले. पण निदान खोटं आहे असं काही त्यांना म्हणवेना.

सिस्टरला कळवलं तर ती घाबरलीच. "अहो मॅडम, तुम्ही इकडे? उद्या? कशाला?"

"आधी तुमची नाडी बघायला," वहिनी म्हणाली.

सकाळी ती बॅग घेऊन निघाली. जिना उतरताना तेच बेसूर गुणगुणणं. दादानं दार लावलं आणि हळूच विचारलं, "आज एक तारीख ना रे?"

"हो."

"तिनं काही पाठवलं का?"

"विसरली असेल," मी म्हणालो.

पंधरा दिवस रोज फोनवर बोलणं व्हायचं. आम्ही दोघांनीही तिला राजीनाम्याची आठवण करून दिली नाही.