जंक्शनमामा

माझ्या मामाच्या घरी वस्तू यायच्या त्या मुक्कामाला नव्हे, गाडी बदलायला. मिरज हे मोठं जंक्शन आहे, हे मामाच्या खोलीनं रेल्वेपेक्षाही जास्त मनावर घेतलं होतं. सकाळी आलेलं धोतर दुपारी दुसऱ्याच्या कमरेला असायचं. मिशन इस्पितळात चादरी-पट्ट्या धुण्यात त्याचा जन्म गेला आणि काम सुटल्यावर त्याच आवारातली एक खोली त्याला राहायला मिळाली. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. खोलीत एक पितळी तांब्या, एक भगुनं, भिंतीवर मामीनं विणलेला क्रूस आणि खाली सतरंजी. ती सतरंजी दरवेळी वेगळी असायची. जुनी कुठं गेली, हे मी विचारत नसे आणि नवी कुठून आली, हे त्याला सांगता येत नसे.

आमच्या घराण्यात मॅट्रिकचं तोंड पाहिलेला मी पहिला, आणि बी.ए. झालेला अजून तरी एकटाच. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. मामाला त्याहून जास्त होता. मी पास झालो तेव्हा त्यानं आमच्या ख्रिस्ती देवळात उभं राहून उपकारस्तुतीची प्रार्थना केली आणि परमेश्वराला माझे विषयसुद्धा सांगितले. पण त्या दिवशी मी नेलेले साताऱ्याचे कंदी पेढे मात्र त्यानं देवळाच्या पायरीवरच वाटून टाकले. स्वतः एकही खाल्ला नाही. "अवो, माझ्या भाच्याचं पेढं हायती," असं म्हणत तो पुडा पुढं करायचा आणि समोरच्यानं पेढा तोंडात टाकला की स्वतःच डोळे मिटून घ्यायचा, जणू विरघळतोय त्याच्याच जिभेवर.

लढाईचे दिवस होते. साखर रेशनवर मिळायची. मामा पंच्याच्या टोकात साखर बांधून दुकानातून निघायचा आणि आवाराच्या फाटकापाशी पोचेपर्यंत पंचा हलका झालेला असायचा. एकीची बाळंतीण लेक, एकाचा आजारी बाप, कुणाकडे आलेला पाहुणा. घरी येऊन तो बिनसाखरेचा चहा प्यायचा आणि संध्याकाळी त्याच लोकांच्या दारात हजर. "काय मावशे, ग्वाड झाला का च्या?" लोक "झाला, झाला" म्हणायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. त्याला बस म्हणायचं कुणाच्या मनात नसे असं नाही, पण प्रत्येकाला आपापला संसार होता. मग मामा दारातूनच परत फिरायचा.

त्याची जेवणाआधीची प्रार्थना हा तर आवारातल्या थट्टेचाच विषय होता. ती इतकी लांबायची की भाकरीचं चामडं व्हायचं. राजापासून रंकापर्यंत, आफ्रिकेत लढणाऱ्या पलटणीपासून आटपाडीकडच्या उपाशी मेंढरांपर्यंत सगळ्यांसाठी मागणं मागून झालं की तो एक डोळा उघडून दाराकडे बघायचा आणि पुन्हा सुरू करायचा. दार सताड उघडं असायचं. शेजारची रखमाबाई म्हणायची, "आवं दादा, तुमच्या आमेनपातुर कालवणाला बुरशी यील!" मामा हसायचा आणि म्हणायचा, "यिऊ दे की. कुनीतरी यिऊ दे."

आमच्या लोकांत सुगीनंतर हंगामाचा सण असतो. शेतातलं, परसातलं पहिलं पीक देवळात आणून वेदीपुढं ठेवायचं आणि उपासना संपली की आवारात त्याचा लिलाव करायचा. जोंधळ्याच्या पाट्या, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासनेत त्या कोंबड्या पाळकसाहेबांपेक्षा मोठ्यानं बोलतात. या लिलावात मामाला हात बांधून बसवायला हवं होतं. कुणाची चार वांगी बोलीवाचून पडली तर देणाऱ्याचं तोंड उतरू नये म्हणून तो ती घ्यायचा आणि लगेच "पुन्ना चढवा!" म्हणून परत करायचा. एका वर्षी तीच वांगी त्यानं पुनःपुन्हा इतकी विकायला लावली की शेवटी ती शिजवायच्या लायकीची राहिली नाहीत.

त्याचं स्वतःचं पीक म्हणजे कुंपणावरचा भोपळा. मिरजेत तंबोरे, सतारी करणारे ज्या जातीचे भोपळे वापरतात, त्या जातीचा. खायला विषासारखा कडू. नव्यानं आलेल्या एका नर्सबाईनं हौसेनं तो लिलावात घेतला आणि भाजी केली. चार जणींची तोंडं दोन दिवस वाकडी होती. मामाला हे कळलं तेव्हा तो इतका शरमला की भरपाई म्हणून आपलं एकुलतं एक भगुनं तिला देऊन आला. "बाय, भाजी बिघडली, भांडं तरी चांगलं घ्या." त्यानंतर महिनाभर तो रखमाबाईच्या चुलीवर शिजवत होता. आणि खरं सांगायचं तर त्या महिन्यात तो फार खुशीत होता.

साताऱ्याच्या हायस्कुलात मला मास्तरकी लागली त्या हिवाळ्यात मामाला खोकल्यानं धरलं होतं. मी मनाशी ठरवलं की या माणसाकडे माझं म्हणून एक तरी काही राहिलं पाहिजे. पेढे राहत नाहीत, धोतर राहत नाही. म्हणून आटपाडीच्या एका धनगराकडून काळंभोर, जाडजूड घोंगडं आणवलं आणि हंगामाच्या सणाच्या दिवशी सकाळीच मिरजेत जाऊन त्याच्या अंगावर घातलं. "हे द्यायचं नाही, मामा. पांघरायचं."

"व्हय रं व्हय. लय ऊब हाय."

तासाभरानं देवळात शिरलो तर वेदीपुढं भोपळ्याशेजारी माझं घोंगडं घडी घालून ठेवलेलं! मी मामाकडे पाहिलं. त्यानं आनंदानं मान डोलावली. भाच्याच्या पहिल्या पगारातलं पहिलं ते देवाचं, हा त्याचा हिशेब. त्यात बिचाऱ्याला काही वावगं दिसतच नव्हतं. त्या दिवशी पाळकसाहेबांचं प्रवचनही नेमकं हसतमुखानं देण्यावर होतं. मी तोंड पाडून ते ऐकलं.

लिलाव लागला. मी ठरवलं, घोंगडं परत घ्यायचं. मी बोली केली तर मागून मामाचा आवाज आला, "अवो पाळकसायेब, एवढ्यात कसं सोडता? मानदेशी माल हाय!" कुणीतरी चढवलं. मी आणखी चढवलं. "अरं, लोकर बगा की त्येची! पावसाचं पानी आत शिरायचं न्हाई!" त्याला बोली करणारा मीच आहे हे दिसत होतं, आणि तरी तो थांबत नव्हता. देवाच्या वस्तूला कमी मोल यावं हे त्याला सोसवत नव्हतं, मग घेणारा सख्खा भाचा का असेना. शेवटी माझ्याच घोंगड्यासाठी मी दुपटीच्या वर पैसे मोजले आणि सगळ्यांदेखत ते पुन्हा त्याच्या खांद्यावर टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं.

फाटकापाशी आम्ही पोचलो तेव्हा इस्पितळाबाहेर झाडाखाली एक म्हातारा धनगर बायकोला आत दाखल करून कुडकुडत बसला होता. मी पाळकसाहेबांना सलाम करायला वळलो तेवढाच काय तो वेळ. परत पाहतो तर घोंगडं म्हाताऱ्याच्या अंगावर, आणि मामा त्याच्याशेजारी उकिडवा बसून विचारतोय, "लय ऊब हाय न्हवं?"

आता मात्र माझा तोल गेला. "मामा, तुला द्यायचं तरी काय? सांग एकदाचं! जे देईन ते तू घालवतोस!"

त्यानं म्हाताऱ्याच्या खांद्यावरचं घोंगडं नीट केलं. मग खाली बघत म्हणाला, "आज ऱ्हा की."

मी नेहमी संध्याकाळची गाडी पकडायचो. सुट्टी संपायला एक दिवस होता आणि साताऱ्यात मला तसं काही कामही नव्हतं. गाडी सोडली. मामानं भाकरी थापल्या, झुणका केला. दोन ताटल्या नव्हत्या. एक रखमाबाईकडून आली. समोरासमोर बसलो. मी प्रार्थनेसाठी डोळे मिटले, लांबलचक प्रवासाच्या तयारीनं. "बापा, दिलंस. आमेन," मामा म्हणाला. मी चकित होऊन डोळे उघडले. तो जेवायला लागलासुद्धा होता. दाराकडे त्यानं पाहिलंही नाही.

पण पहिला घास संपतो न संपतो तोच त्याला राहवेना. "जरा थांब," म्हणून उठला आणि आवारभर सांगून आला की बी.ए. झालेला भाचा मुक्कामाला आहे. हां हां म्हणता खोली भरली. कुणाला लढाई कधी संपणार ते हवं होतं, कुणाला पोरीला नर्सिंगला घालू का शिवणकामाला ते. रखमाबाईनं विचारलं, "मास्तर, आभाळातलं इमान पडत कसं न्हाई वो?" मी सगळ्यांना उत्तरं दिली, माहीत नव्हती तिथंसुद्धा. मामा उंबऱ्यापाशी कोपऱ्यात बसून प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होता, पेढे वाटताना पाहायचा तसाच. शेवटचा माणूस उठला तेव्हा माझे डोळे मिटत होते आणि मामाला माझ्याशी काय बोलायचं होतं ते तसंच राहिलं.

सकाळी तो स्टेशनवर पोचवायला आला. खोकला होताच. गाडी सुटायच्या आधी त्यानं खिडकीच्या गजावरच्या माझ्या हातावर हात ठेवला.

"राग न्हाई न्हवं? आख्खाच वाटून टाकला म्या तुला," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "थोडा मागं ठिवाय पायजे हुता, गड्या."

"उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो, मामा. चांगला आठवडाभर."

"यी. म्या कुनाला सांगनार न्हाई."

सुट्टी लागायच्या आधीच तो गेला. खोली रिकामी करायला मी गेलो, पण रिकामं करण्यासारखं तिथं काही नव्हतं. भिंतीवरचा क्रूस तेवढा रखमाबाईनं माझ्या हातात दिला.

सांगलीचा रेल्वेफाटा मिरजेहून फुटतो, त्यामुळे कधी तिकडे जायचं झालं तर अजूनही मी मिरजेला गाडी बदलतो. साताऱ्याहून निघताना सवयीनं पेढ्यांचा पुडा घेतलेला असतो. फलाटावर हमाल असतात, इस्पितळात निघालेली माणसं असतात, कडेवरची पोरं असतात. पुडा उघडतो आणि वाटतो. वाटताना खरोखरच बरं वाटतं; मामा उगीच डोळे मिटत नव्हता. फक्त एक पेढा मी मागं ठेवतो. सांगलीची गाडी लागेपर्यंत तो तसाच हातात धरून बाकावर बसतो, आणि गाडी हलली की मग खातो.